सतरा नंबर

दिवा विझला नव्हता. उन्हात दिसत नव्हता, एवढंच.

बाई प्रयोगशाळेच्या फळ्याशी उभ्या होत्या, हातात खडू. पलीकडे खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी स्पिरिटच्या दिव्यावर वाकली होती आणि हातातली बाटली वातीवर हळूच कलती करत होती. वात कोरडी पडली, दिवा गेला, जरासं ओतलं की पेटेल, असा तिचा सरळ हिशेब. पण वातीच्या वरची हवा थरथरत होती. दिव्यामागचे खिडकीचे गज वितळल्यासारखे हलत होते. स्पिरिटची ज्योत फिकट निळी. भर उन्हात ती दिसत नाही, नुसती भाजते. अजून थेंबही पडला नव्हता. पडला असता तर ज्योत त्या धारेवरून सरसर वर चढून बाटलीत शिरली असती, आणि बाटली होती मुलीच्या तोंडासमोर.

मुलगी बाईंची स्वतःची. पोटची. आणि सकाळी दिवे भरून झाल्यावर ती बाटली कपाटात न ठेवता खिडकीत विसरणाऱ्याही बाईच.

"ढबू!"

तोंडून गेलं ते नेमकं नको तेच. घरचं नाव. लेक गुटगुटीत होती तेव्हा पडलेलं. आता ती काडीसारखी झाली तरी सुटलं नव्हतं. या वर्षी आईच्याच वर्गात बसायची पाळी आली तेव्हा तिने बजावून ठेवलं होतं, "शाळेत ढबू म्हणालीस ना, तर मी ओ देणार नाही. मेले तरी देणार नाही."

वर्ग फिदीफिदी हसला. "ढबू? ए, ढबू कोण रे?" लेकीचे कान लाल झाले. तिला ऐकू गेलं होतं, चांगलंच गेलं होतं. तिने मान वर केली नाही. उलट बाईंकडे पाठ फिरवली आणि बाटली आणखी कलती केली.

धावावं, तर मध्ये टेबलं, स्टुलं, दप्तरं, आणि प्रत्येक टेबलावर एक पेटता दिवा. किंचाळावं, तर पोरगी दचकणार. दचकली की सांडणारच. अशा वेळी काय करायचं ते त्यांनी दरवर्षी मुलांकडून घोकून घेतलं होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना. देवा, तिचे डोळे, तिचे डोळे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि रोज हजेरी घेताना निघतो तो कंटाळलेला, सपाट आवाज घशातून ओढून काढला.

"सतरा नंबर."

हजेरीत आपला नंबर आला की ओ द्यायची पहिलीपासूनची सवय ती. लेकीला विचार करायला वेळच मिळाला नाही. ती ताठ उभी राहिली, उजवा हात वर केला आणि "हजर!" म्हणून मोकळी झाली.

हात वर गेला तो बाटलीसकट. बाटली हिंदकळली, आणि स्पिरिट मनगटावरून ओघळून तिच्या बाहीत उतरलं. वर्ग आता पोट धरून हसत होता. बाई त्या हसणाऱ्यांमधून चालत निघाल्या. धावायचं नाही, बाई गं, धावायचं नाही.

"हात वरच राहू दे. मागे सर. अजून. भिंतीला टेक."

"बाई, काय झालं? गार लागतंय."

"लागू दे. हात खाली आणायचा नाही."

हा आवाज हजेरीचा नव्हता. हसणं हळूहळू बंद पडलं. लेकीची मैत्रीण अजून टेबलाशीच उभी होती. "बाई, पण दिवा तर विझलाय," ती म्हणाली, आणि खात्री पटवायला तिने वातीकडे बोट नेलं.

"खबरदार!"

बोट चटकन मागे गेलं. बाई टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची सावली टेबलावर पडली आणि त्या सावलीत, वातीच्या टोकाशी, ज्योत दिसली. बोटभर उंच, निळी, अगदी स्वस्थ.

कुणीतरी "आई गं" म्हणालं. बाईंनी दिव्यावर टोपण घातलं. "सगळ्यांनी दिवे झाका. आत्ता, लगेच." वर्गभर टोपणं वाजली. शेवटचं टोपण बसेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी लेकीच्या हातातून बाटली सोडवून घेतली, बूच लावलं, तिला नळाशी नेलं आणि बाहीवर पाणी सोडलं. तिलाही कळलं होतं आता.

पाणी वाहत राहिलं. बाही केव्हाच धुऊन निघाली होती, तरी बाईंनी मनगट सोडलं नाही.

"सतरा नंबर," बाई म्हणाल्या.

"हजर. मघाशी म्हटलं की, बाई."

"परत म्हण."