दुसरं शहर

"रिओ का ब्यूनोस आयर्स, तेवढं सांगा काकासाहेब. चेअरमनसाहेब मुंबईला ट्रंक कॉल लावून बसल्यात," जीपचा ड्रायव्हर सूर्यभान ओसरीपुढं उभ्या उभ्याच म्हणाला.

काकासाहेब धरून साखर कारखान्याचे तीन संचालक परदेशी निघाले होते. पहिलं शहर ब्राझीलमधलं साओ पावलो. तिथले कारखाने बघायचे, मग चार दिवस मोकळे. त्याच तिकिटात आणखी एक शहर, तिथलंच रिओ नाहीतर अर्जेंटिनातलं ब्यूनोस आयर्स, बघता येईल, असं एजंटाने कळवलं होतं. चेअरमन आप्पासाहेबांनी मोठेपणा काकासाहेबांना दिला. तुम्ही वयाने वडील, दुसरं शहर तुम्ही सांगा. यंदा शेवगावच्या पट्ट्यात उभा ऊस वाळून गेला होता आणि अर्धा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. ऊस नसताना साखर कशी काढतात ते शिकायला चाललेत, असं गावातले टवाळ म्हणत. काकासाहेबांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या जिवाला वेगळाच घोर होता.

"रिओ सांग," ते म्हणाले. "समुद्र लई झकास हाय म्हनं तिथला."

सूर्यभान वळला, तोच दारातून काकासाहेबांच्या बायकोचा, मालनबाईंचा आवाज आला.

"रिओला कशाला? बोनसायरीला जावा. आपला गोरक्ष हाय तिथं."

आजवर घरात त्या शहराचं नाव निघालं की काकासाहेब उठून गोठ्यात जायचे. आता जायला जागा नव्हती.

गोरक्ष त्यांचा एकुलता एक मुलगा. नगरला फिटरचं शिकला. बाप म्हणाला शेती बघ, तो म्हणाला मला मशीन कळतं. भर बाजारात बापाने थोबाडीत ठेवून दिली, तशी त्याने मुंबई गाठली आणि मालवाहू बोटीवर लागला. एकदाच घरी आला, तर काकासाहेबांनी उंबऱ्याच्या आत घेतला नाही. बाहेरच्या बाहेर आईला भेटून गेला. आमची बोट धान्य भरायला ब्यूनोस आयर्सला जाते, एवढं तिला सांगून गेला. ते नाव तिने आपल्या जिभेला झेपेल तसं जपून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी काकासाहेब कारखान्याच्या कामासाठी मुंबईला गेले, तेव्हा वाट वाकडी करून बोटीच्या कंपनीत डोकावले. पोराची खुशाली विचारावी, इतकंच मनात होतं. तिथल्या साहेबाने आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सांगितलं. ब्यूनोस आयर्सच्या धक्क्यावर माल चढवताना साखळी तुटली. गोरक्ष जागच्या जागी गेला. त्याला तिथंच पुरलं. मला घरचं कोणी नाही, असं त्याने नोकरीला लागतानाच सांगितलं होतं. म्हणून कोणाला कळवलं नव्हतं.

काकासाहेब घरी आले. चुलीपुढं भाकरी थापत बसलेली बायको दिसली आणि त्यांची जीभ उचलेना. पोरगं बोट सोडून तिथंच राहिलंय, चांगल्या नोकरीत आहे, असं सांगून मोकळे झाले. मोकळे कसले, त्या दिवसापासून जन्माचे अडकले.

"येवढ्या मोठ्या शहरात तो कुठं सापडायचा?" ते आता कसेबसे म्हणाले.

"इचारा की. कुनी ना कुनी सांगंल."

"त्यालाच नसंल यायचं आपल्यापुढं. सुखात असंल, ऱ्हाऊ दे."

तिथं गेलं तर परत यायचं होतं. परत आलं की ही विचारणार, वाळला का हो? लग्न केलंय का? माझी आठवण काढली का? पोराच्या थडग्यावरून मागे फिरायचं आणि बायकोला तो अंगाने भरलाय म्हणून सांगायचं, हे त्यांच्याच्याने होण्यातलं नव्हतं. भित्रेपणा तर भित्रेपणा. रिओ बरं.

"सूर्यभान, रिओ सांगितलं न्हवं? जा."

"थांब रे सूर्यभान," मालनबाई म्हणाल्या. उभ्या संसारात त्यांनी परक्या माणसासमोर नवऱ्याचा शब्द पहिल्यांदाच अडवला होता. त्या आत गेल्या आणि पांढऱ्या फडक्यातलं एक गाठोडं आणून काकासाहेबांच्या मांडीवर ठेवलं.

लेकासाठी लाडू असणार. काकासाहेबांना गलबलून आलं.

"अगं, येवढ्या लांब खायचं टिकतं व्हय?"

"खायचं न्हाई ते."

मालनबाईंनी स्वतःच गाठ सोडली. आत मळ्यातली काळी माती होती, खडे वेचून काढलेली.

"त्याला जिथं ठिवलं असंल तिथं येवढी टाका. बाकी समद्यांनी दिली असंल. आईची तेवढी राह्यलीया."

झोपेत बरळलो तर हिच्या कानी पडू नये म्हणून दोन वर्षं काकासाहेबांनी बाज अंगणात टाकली होती. सूर्यभान मान खाली घालून जीपकडे गेला.

"तुला... तुला कुनी सांगितलं?"

मालनबाईंनी फडक्याला पुन्हा गाठ मारली.

"सांगाया कशाला पायजे? रोज ताटावर बसलं की तुमी त्याला शिव्या घालायचा. तुमी मुंबईस्नं आलात, त्या दिवसापासनं येक शिवी दिली न्हाई."