विचारलं तरच

विमा विकायला आलेल्या हर्षद टिपणीसच्या कॉलरवरचा दिवा हिरवा होता. विमा एजंटानं असा दिवा लावलाच पाहिजे, असा युरोपभर आता कायदाच होता. तो खोटं बोलला की दिवा लाल व्हायचा. तरी वैजयंतीकाकू त्याच्याकडे संशयानंच बघत होत्या. मागच्या पुरात रॉटरडॅममधल्या त्यांच्या घराचं तळघर बुडालं, तेव्हा जुन्या कंपनीनं सरळ हात वर केले होते.

“पुराची भरपाई मिळेल?”

“नक्की मिळेल, काकू.” दिवा हिरवा.

“सगळ्या घराची?”

“प्रत्येक मजल्याची.” हिरवाच.

काकूंनी सहीसाठी त्याच्या टॅबलेटच्या पडद्यावर बोट नेलं आणि हर्षदनं नजर चुकवली. त्यांनी बोट मागे घेतलं.

“तुमच्या आईला विकला असता हा विमा?”

हर्षद गप्प बसला. गप्प बसलं तर दिवा लाल होत नसे. काकूही न बोलता वाट बघत राहिल्या.

“नाही,” अखेर तो म्हणाला. “कंपनी तळघर मजल्यात धरत नाही.”

“मग मघाशीच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

तो ओशाळून बॅग आवरू लागला. काकूंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“बसा. चहा टाकते. आता मी न विचारलेलं सगळं सांगा.”