रोहेलिओची मुलगी

"तुझ्या बायकोच्या, येसेनियाच्या मुलीची पोटगी," ऑफिसातल्या लोर्नाबाई म्हणाल्या. "तुला कामावर घेतल्याची खबर आम्हाला सरकारला द्यावीच लागते. त्यांनी तुझा सोशल सिक्युरिटी नंबर जुळवला. आता दर आठवड्याला पगारातून कापणार. पोरगी तुझीच ना, रोहेलिओ?"

एलिसेओने मान डोलावली.

नाव त्याचं नव्हतं, नंबरही नव्हता. ग्वातेमालाहून चोरवाटेने आलेल्या माणसाला नेब्रास्कातल्या या कत्तलखान्यात स्वतःच्या नावावर कोण उभं करणार? दोन्ही त्याने चेपेकडून विकत घेतलं होतं. चेपे त्याच्याच शेजारी उभा राहून मांस कापायचा.

"तोंड उघडलंस तर ते विचारतील, मग तू कोण?" चेपे म्हणाला. "दुसऱ्या दिवशी इमिग्रेशनवाले दारात. त्यापेक्षा गुमान पोस. बाप्तिस्म्याच्या खर्चाशिवाय पोरगी मिळाली की लेका!"

एलिसेओला हसू आलं नाही.

घरी जाणारे पैसे आटले. त्याची बायको ओफेलिया फोनवर आधी हिशेब विचारत राहिली. मग म्हणाली, "तिकडे दुसरी केलीस ना? सरळ सांग. पोरांना मी सांगेन काहीतरी."

त्याने आईची शपथ घेतली. तिने फोन ठेवला, आणि पुढे उचलणंच बंद केलं.

तो जादा पाळ्या करू लागला. सकाळी उठल्यावर बोटं उघडायची नाहीत. गरम पाण्यात बुडवून एकेक सोडवावी लागायची. एका पाळीत सुरी निसटून तळहात चिरला गेला. कपडा गुंडाळून तो तसाच उभा राहिला. दवाखान्यात खरं नाव विचारलं तर?

शेवटी एका रविवारी चर्चमध्ये चौकशी करून त्याने येसेनियाचं घर गाठलं. दार तिनेच उघडलं. आत सात-आठ वर्षांची मुलगी नवा चष्मा लावून चित्र रंगवत होती.

"बाई, मी रोहेलिओ नाही," तो पायरीवरूनच म्हणाला. "त्याच्या नंबरावर काम करतो. माझी स्वतःची पोरं उपाशी आहेत. तुमचा नवरा कुठे असेल ते सांगा, मी त्याला मानगूट धरून आणतो. तुमची पोरगी त्याने पोसावी."

येसेनियाने आत वळून पाहिलं. मग बाहेर येऊन दार हळूच लोटून घेतलं.

"तो यायचा नाही, भाऊ. तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानला त्याच्या आईच्या शेजारी मी त्याला पुरलंय. इथे कुणालाच सांगितलं नाही. मेलेल्याकडून सरकार काय वसूल करणार?"

एलिसेओ पायरीवरच खाली बसला.

"म्हणून तो नंबर मी चेपेला फुकट दिला," ती म्हणाली. "एवढंच बजावलं होतं, पिणाऱ्याला देऊ नकोस."