कंपनीचं जावळ

वर्षभराची रेवा मामाच्या मांडीवर बसली होती आणि न्हावी तिचं जावळ काढत होता. रिवाजाप्रमाणे केस झेलायला तिच्या आत्याने, सिंधूने, पदर पसरला. पण वस्तीजवळच्या कचरा जाळायच्या भट्टीच्या कंपनीचा माणूस हातमोजे घालून मध्येच पिशवी धरून उभा राहिला.

"एकही केस सांडू देऊ नका," तो म्हणाला. "कंपनीचा माल आहे."

भट्टीच्या धुरातलं शिसं आणि पारा आता धुराड्यात अडवत नसत. त्याऐवजी कंपनीने वस्तीच्या नळाच्या पाण्यात औषध सोडलेलं होतं. श्वासावाटे अंगात गेलेला धातू त्या औषधाने केसांत उतरायचा आणि कंपनी केस नेऊन तो परत काढायची.

त्या माणसाने पिशवीला धातू मोजायचं यंत्र लावलं आणि आकडा बघून तो खूश झाला. "लहान मुलांचे केस फार उत्तम. आता दर महिन्याला काढत चला."

"जावळ आयुष्यात एकदाच काढतात," सिंधू म्हणाली. "धुराड्याला गाळणी होती, तिचं काय केलंत?"

"काढून टाकली. तिला सारखी दुरुस्ती लागायची, ताई. हे आपोआप चालतं."

"माझी भाची श्वास घेते, त्याला तू आपोआप म्हणतोस, मेल्या?"

सिंधूने पिशवी हिसकावली आणि जावळ पदरात ओतलं.

"अहो, उघड्या हाताने धरू नका!" तो मागे सरकत ओरडला. "विष आहे ते!"

सिंधूने रेवाचं नुकतंच तुळतुळीत झालेलं डोकं छातीशी धरलं.

"वर्षभर या डोक्याचे मुके घेतोय आम्ही," ती म्हणाली. "तेव्हा आला होतास का सांगायला?"