दोर सोड, मुंगे!

“सोड दोर!” आप्पांनी सुकाणूवरून आवाज दिला. धक्क्यावर उभ्या असलेल्या चिमुरड्या मुंगीने दोर सोडला नाही. उलट खुंट्याला आणखी एक वेढा मारला.

आज बोटीत स्काउटच्या मुख्य कार्यालयातल्या मोठ्या मॅडम बसल्या होत्या. स्काउटच्या पोरांना दर रविवारी तलावावर जलसुरक्षा शिकवायची की हा उद्योग गुंडाळायचा, ते या फेरीनंतर त्याच ठरवणार होत्या.

आप्पा निवृत्त लाँचचालक आणि जलसुरक्षेचे हौशी स्वयंसेवक. “लाइफ जॅकेट घाला हो,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवून त्यांचा घसा बसायचा. लोक हसायचे. खिडकीतला तिकीटवाला तर रोज टोमणा मारायचा, “आप्पा, तुमचं ऐकतंय कोण?” शेवटी वैतागून त्यांनी स्काउटच्या बाईंना गाठलं. पोरं त्यांची, पाणी आपलं. आप्पांनी पोरांना कामं वाटून दिली. कुणी बक्कल तपासायचं, कुणी शिट्टी सांभाळायची. पथकातली सगळ्यात लहान ती मुंगी, तिच्याकडे दोर. बोटीतल्या प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट दिसल्याशिवाय तो सोडायचा नाही, मग समोर कुणीही असो.

आणि आज नेमका घोळ झाला. मॅडम आपल्या आईला घेऊन आल्या. म्हातारी हौसेने बोटीत चढली आणि एक जॅकेट कमी पडलं. आप्पांनी आपलं काढून तिला घातलं, पट्टे आवळले आणि रुबाबात सुकाणू धरलं.

“आप्पा, तुमचं जॅकेट?” मुंगीने विचारलं.

“अगं, माझा जन्म पाण्यात गेलाय. मला पोहता येतं!”

“जॅकेट न घालणारे सगळे हेच म्हणतात. तुम्हीच सांगितलंय.”

बाईंनी जीभ चावली. मॅडम एकदा आप्पांकडे, एकदा मुंगीकडे बघत होत्या. संपलं सगळं, आप्पांना वाटलं. पाहुण्यांसमोर पुरती शोभा झाली. मुंगीची दोरावरची मूठ मात्र काही ढिली होईना.

आप्पा निमूट धक्क्यावर उतरले. सुकाणू बाईंनी घेतलं. आप्पांच्याच हाताखाली शिकून त्यांनी याच उन्हाळ्यात परवाना काढला होता. मुंगीने बोटीतल्या एकेकावर नजर फिरवली आणि मगच दोर सोडला.

“रागावलात?” तिने हळूच विचारलं.

आप्पा काही बोलायच्या आत पाण्यावरून मॅडमचा आवाज आला, “आप्पा, पुढच्या रविवारपासून सुरू करा! आणि ही दोरवाली मला दर वेळी इथेच दिसली पाहिजे!”

तिकीटवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. “काय आप्पा, बोट चुकली वाटतं?”

आप्पांनी मुंगीला उचलून खांद्यावर घेतलं. इतके खूश ते कित्येक वर्षांत झाले नव्हते.

“चुकली नाही रे! रोज विचारतोस ना, तुमचं ऐकतंय कोण? ही बघ. हिने इतकं ऐकलं, की मलाच खाली उतरवलं!”