वीस मिनिटांची शांतता

बेडूक सकाळीच धरून झाले होते. शाळेच्या तळ्यातून बेचाळीस निघाले आणि कुआंग आजींनी ते बादलीत घालून नदीपलीकडे सोडायला लावले. आता कापराच्या झाडांवर किर्र करणारे किडे उरले होते. शिपाई लांब बांबूच्या टोकाला चिकट कणीक लावून एकेक उतरवत होता.

"त्या फांदीवर," आजी खालून म्हणाल्या. "डोळे आहेत का बटणं शिवलीयत?"

आजींच्या दंडावर लाल पट्टी होती. परीक्षेच्या दोन दिवसांत शाळेभोवती आवाज होऊ द्यायचा नाही, हे काम वस्तीच्या कमिटीने त्यांना दिलं होतं. लियुथांग गावात त्यांच्यापेक्षा मोठा आवाज कुणाचा नव्हता.

त्यांची नात शुयाओ कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला आज दुसऱ्यांदा बसत होती. गेल्या वर्षी बाकी सगळं निभावलं, इंग्रजी ऐकायच्या भागात घसरली. वर्गातल्या कर्ण्यावर परदेशी बाया-बाप्ये बोलतात, पोरांनी ते ऐकून उत्तरं द्यायची. ऐन त्या वेळी बर्फवाल्या न्येने भिंतीपलीकडे बर्फ चुरायचं तेलावरचं यंत्र सुरू केलं. शुयाओचे तीन प्रश्न बुडाले. कॉलेज चार गुणांनी हुकलं. यंदाही हुकलं तर तिने काकाबरोबर बुटांच्या कारखान्यात जायचं, असं घरात ठरलं होतं.

"एकच गोष्ट दोन-दोनदा ऐकवतात म्हणे," आजी म्हणायच्या. "एकदा सांगून कळत नाही, ती कसली भाषा?" त्या स्वतः दोन इयत्ता शिकल्या होत्या. चहात उकडलेली अंडी विकून त्यांनी तीन मुलं मार्गी लावली होती, आणि एकाही अंड्याने त्यांना इंग्रजी विचारलं नव्हतं.

न्येला त्यांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं. "दोन दिवस तुझं यंत्र बंद. तोंडही."

"यंत्र घरी ठेवलंय, आजी. तोंडाचं बायको बघते."

आजींचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून अडीच वाजता त्या मागच्या बोळात गेल्या, आणि बघतात तर ताडपत्रीने झाकलेली चाकांची एक गाडी भिंतीला लावलेली. शेजारी एक टकला माणूस सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता.

"कुणाचा माणूस तू?"

"मला इथंच थांबायला सांगितलंय, मावशी."

"कुणी?"

"वरून हुकूम आहे."

आजींनी मान वर करून पाहिलं. "वर झाडाशिवाय काही दिसत नाही मला. ऊठ. तुझ्या बियांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर जातो."

"अहो, पण गाडी सोडून कसा—"

"गाडीला पाय फुटत नाहीत. तुला आहेत, ते वापर."

त्यांनी त्याला बाहीला धरून बोळाबाहेर नेलं. रस्त्यावर दोरी बांधली होती आणि तिथे शेजारच्या फांगची सून पहाऱ्याला उभी होती. आजींनी टकल्याला दोरीखालून पलीकडे ढकललं.

"तीनला ऐकायचं सुरू होईल, मग वीस मिनिटांनी घंटा. तोवर कुणी आत यायचं नाही," त्यांनी सुनेला सांगितलं. "कुणी तोंडही उघडायचं नाही. खुद्द स्वर्गाचा राजा आला तरी."

तीन वाजले. रस्ता थांबला. जिंकून यावं म्हणून लाल झगे घालून आलेल्या आया पंख्याने वारा घेत होत्या, त्यांनी पंखेसुद्धा मिटले. शाळेच्या खिडक्यांतून परदेशी बडबड बारीक ऐकू येऊ लागली. अंड्यांच्या पातेल्याजवळ माश्या हाकायला ठेवलेला आजींचा विजेचा पंखा आपोआप थांबला. तेवढं शहाणपण त्यालाही आलं, म्हणून आजींना बरं वाटलं.

आणि बोळातून घरघर सुरू झाली.

आजींच्या कानशिलात आग पेटली. गेल्या वर्षीचीच ती घरघर. त्या धावत बोळात शिरल्या. ताडपत्रीखाली एक लोखंडी पेटी थरथरत होती. कडेला पांढऱ्या रंगात मोठमोठी अक्षरं होती, पण अक्षरांवाचून आजींचं आजवर कधी अडलं नव्हतं. किल्ली लोंबत होती. त्यांनी ती फिरवली, उपसली आणि कमरेच्या पट्ट्यात खोचली.

बाहेर आल्या तर दोरीपाशी टकल्या दोन्ही हात हवेत नाचवत होता. मासोळीसारखं त्याचं तोंड उघडत-मिटत होतं आणि फांगची सून त्यावर आपला तळवा दाबून उभी होती. धन्याचा धंदा बसला की चाकराला घाम फुटतोच, आजी मनात म्हणाल्या. सून कामाची निघाली. दिसते तेवढी बावळट नव्हती.

मग जी शांतता पडली, तशी लियुथांगने कधी अनुभवली नव्हती. रस्त्यावर पान हललं नाही. खिडक्यांतून एक शब्द बाहेर आला नाही.

शिपायाने हातघंटा वाजवली तशी दोरी सुटली. टकल्या आजींकडे न बघता बोळात पळाला. आजी सावलीत बसून राहिल्या. किल्ली मागायला न्ये आला, तर साऱ्या आयांसमोर त्याला कान धरायला लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. न्ये फिरकलाच नाही. लाज वाटली असेल मेल्याला.

पाचला फाटक उघडलं. शुयाओ बाहेर आली. आजींनी सोललेलं अंडं तिच्यापुढे धरलं.

"खा. नीट ऐकू आलं ना? यंदा मी माशीला उडू दिलं नाही."

शुयाओने अंडं घेतलं नाही.

"पहिले दोन प्रश्न आले, आजी. मग वीज गेली. हेडसरांनी मागच्या बोळात जनरेटर आणून ठेवला होता, तो लागला, आणि अर्ध्या मिनिटात तोही बंद. किल्लीच कुणीतरी काढून नेली."