गोलमागची आई

गोलकीपरच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्याच वर्षी गोदीतल्या हमालांचा क्लब पहिल्यांदा कपच्या फायनलला पोहोचला. समोर होता बँकवाल्यांचा क्लब, दरवर्षी कप घेऊन जाणारा. हमालांच्या गोलकीपरचे वडील अंथरुणाला खिळलेले. तो निघताना म्हणाले, "माझी काळजी नको. त्यांना एकदा तरी रिकाम्या हातानं घरी पाठव."

मध्यंतरानंतर बघतो तर गोलच्या मागे आई! फुटबॉलच्या नावानं जन्मभर बोटं मोडणारी त्याची आई.

शेजारचे काका धापा टाकत त्याच्याकडे यायला निघाले, तशी तिनं हात पसरून वाट अडवली. "मागे व्हा भावोजी! आत्ता त्याच्याशी एक अक्षर बोललात, तर तंगडं मोडीन."

"आई, अगं हळू!" त्याला हसू आलं.

"तू माझ्याकडे काय बघतोस? चेंडूकडे बघ!"

एका गोलची आघाडी होती. शेवटच्या मिनिटाची पेनल्टी त्यानं अडवली आणि हमालांनी कप जिंकला. कप घेऊन तो आईकडे धावला. "चल, आधी बाबांना दाखवू."

"चल. पण मान ताठ ठेवून चल."



वडील मॅच सुरू व्हायच्या आधीच वारले होते.